श्रीयुत बिन विरोध

आमच्या ओटावाच्या मराठी मंडळात आता अध्यक्षपदाची निवडणूक होते. खरीखुरी होते. उमेदवार उभे राहतात, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये भाषणं होतात, त्यात कुणीतरी कुणाच्या तरी दिवाळीतल्या मऊ पडलेल्या चकल्या काढतं, दोन-तीन कुटुंबं एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्तानं पुन्हा बोलायला लागतात. त्याआधी वर्षानुवर्षं अध्यक्ष असलेले काळेकाका या सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडतात. मी ते प्रोफेसर लुत्फींच्या डोक्यावर फोडते. ते आता या जगात नाहीत. असते तर त्यांनी ते खापर मिरवत नेलं असतं.

प्रोफेसर ताहेर लुत्फी आमचे शेजारी, मूळचे उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसचे. कनाटा या ओटावाच्या उपनगरातल्या टाउनहाउसच्या रांगेत त्यांची आणि आमची एक भिंत सामायिक होती, आणि पुढचा ड्राइव्हवेही. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला आम्ही नागपूरहून तिथं राहायला आलो. माझा नवरा शिरीष एका टेलिकॉम कंपनीत लागला होता. पहिल्याच बर्फाच्या सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ. अंगात दोन स्वेटर, वर कोट, आत टाय, आणि हातात बर्फाचं फावडं.

"मादाम, तुमच्याशी सल्लामसलत करायची आहे," ते म्हणाले. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, त्यांचं फ्रेंच वळणाचं आणि माझं नागपुरी. मला वाटलं, तक्रार असणार. लेकीच्या उड्या मारण्याचा आवाज वगैरे. पण विषय एवढाच होता की, बर्फ डावीकडे टाकायचा की उजवीकडे.

पुढं जितके हिवाळे ते शेजारी होते, तितके हिवाळे मोठा बर्फ पडला की ही बेल वाजायची. उत्तर दरवेळी एकच असायचं. उजवीकडे, कारण डावीकडे फायर हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबाचा नळ होता आणि तो झाकून चालत नसे. शिरीष वैतागायचा. "प्रोफेसर, आपलं ठरलंय ना? लेट्स जस्ट शोव्हल इट!" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "ठरलंय ते गेल्या बर्फाचं. हा नवीन बर्फ आहे."

हे वेड कुठून आलं ते हळूहळू कळलं. श्रद्धावंतांचे व्यवहार आपसातल्या सल्ल्यानं चालतात, असं त्यांच्या धर्मग्रंथात आहे. या सल्ल्याला शूरा म्हणतात. प्रोफेसरांनी हयात या एका शब्दावर घालवली होती. ट्युनिसला ते कायदा शिकवत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सल्ला विचारायचा आणि मग मनाला येईल तेच करायचं, याला सल्ला म्हणत नाहीत. सल्ला राज्यकर्त्याला बांधणारा हवा, आणि बांधणारा हवा तर तो कुणाचा, किती जणांचा, हे मोजायला हवं. म्हणजे धर्मानंच सांगितलेल्या वाटेनं गेलं तरी माणूस शेवटी मतपेटीपाशीच पोचतो. "आधी मोजा, मग आमीन म्हणा," हे त्यांचं पालुपद. हे त्यांनी छापलंसुद्धा. सरकारला ते फार मुसलमानी वाटलं आणि कडव्या मंडळींना फार फिरंगी. ढोलकीला दोन्हीकडून थापा बसतात, तसं झालं. नोकरी गेली, पासपोर्टचं नूतनीकरण होईना, तेव्हा फ्रान्समार्गे ते इथं आले. इथल्या विद्यापीठात अर्धवेळ शिकवायचे. बायको इथं आल्यावर काही वर्षांनी वारली होती. मुलगी अमाल मॉन्ट्रियलला वकील होती.

आणि दैवाची चेष्टा अशी की, मोजणीपायी देशोधडीला लागलेल्या या माणसानं स्वतःच्या देशात एकदाही मत दिलेलं नव्हतं. तरुणपणी एकदा गेले होते म्हणे, इस्त्रीचे कपडे घालून. तिथं कळलं, त्यांचं मत टाकून झालंय. "अधिकारी भला माणूस होता," ते सांगायचे. "म्हणाला, मास्तर, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच टाकलं."

मी विचारलं, इथं कॅनडात देता की तुम्ही मत. "देतो ना. पण ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आमचा रव्याचा कुसकुस शिजवण्यासारखं आहे. होतो चांगला, पण मिठाचा डबा कुठं असतो ते विचारावं लागतं." त्यांना आयुष्याकडून एकच हवं होतं आणि ते सांगताना हा एवढा विद्वान माणूस चक्क लाजायचा. ज्याचा निकाल आधी ठाऊक नाही अशा निवडणुकीत, आपल्या देशासाठी, एकदा मत द्यायचं. डाउनटाउनमध्ये त्यांच्या देशाचा दूतावास होता. मी त्यांना गाडीतून कुठं सोडायला निघाले आणि ती गल्ली आली की ते कोटाची कॉलर वर करून दुसऱ्या बाजूच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसायचे.

मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा शब्दांच्या हावेचं फार कौतुक होतं. एकदा सकाळी म्हणाले, "मादाम, काल तुम्ही अर्धा तास अरबी बोलत होतात." मी काल नागपूरला भावाशी वडिलांच्या घरासंबंधी भांडत होते. टाउनहाउसच्या भिंती त्या, आणि आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे जणू नागपूरला थेटच ऐकू जायला हवं. त्यांनी शब्द बोटांवर मोजून दाखवले. वारस, हक्क, वकील, तारीख, अर्ज, हरकत. "तुम्ही भांडता आमच्या भाषेत आणि प्रेमानं कुठल्या भाषेत बोलता?" मी म्हटलं, प्रेमानं बोलायला माझा भाऊ आधी घरातल्या मधल्या दारावरचा हक्क सोडू दे.

मसलत हा शब्द तर त्यांना लॉटरी लागल्यासारखा वाटला. त्यांच्या धर्मशास्त्रात मसलहा म्हणजे सर्वांचं हित. कायदा कशासाठी, तर यासाठी. मग मराठीत मसलतीचा अर्थ काय? मी सांगितलं, चार जणांनी गुपचूप बसून केलेला बेत. बहुधा पाचव्याविरुद्ध. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणजे शब्द आमच्याकडून निघाला तेव्हा सर्वांचं हित होता आणि तुमच्या गावी पोचेपर्यंत त्यानं राजकारण पाहिलं."

पण खरा घोटाळा झाला तो दुसऱ्याच शब्दानं. आमच्या मंडळाची वार्षिक सभा झाली की मी सेक्रेटरी या नात्यानं फोन करकरून सगळ्यांना बातमी द्यायची. काळेकाका बिनविरोध. उपाध्यक्ष बिनविरोध. खजिनदार बिनविरोध. असं दोन-तीन वर्षं ऐकल्यावर प्रोफेसरांनी मला ड्राइव्हवेत गाठलं.

"मादाम, एक विचारू? राग मानू नका. हे बिन विरोध कोण? ते अरब आहेत का?"

"कोण?"

"तुमच्या मंडळात प्रत्येक पदावर दरवर्षी तेच निवडून येतात. मिस्टर बिन विरोध. फारच वजनदार घराणं दिसतं."

अरबीत बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, हे मला तेव्हा कळलं. मी हसत हसत उलगडून सांगितलं. विरोध म्हणजे अपोझिशन, बिन म्हणजे विना. आमच्यात हे मानाचं समजतात. निवडणूक टळली, सगळे एक आहेत, कुणाचं मन दुखावलं नाही. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "आमच्याकडेही ते फार वर्षं निवडून आले," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मी ऐकलं तो अर्थ जास्त चांगला आहे. विरोधाचा मुलगा. निवडून आलेला माणूस हा विरोधाच्या पोटीच जन्मायला हवा. नाहीतर तो अनौरस." मी म्हटलं, हे काळेकाकांसमोर बोलू नका, ते फार सोवळे आहेत.

हा माणूस नुसता बोलघेवडा नव्हता, हे मला हाजी करीमच्या गॅरेजमध्ये समजलं. करीम हाही ट्युनिसचाच, आमच्या गाड्यांचे विंटर टायर्स बसवायचा. मोठा दिलदार, मोठ्या आवाजाचा, धर्माच्या बाबतीत कडक. प्रोफेसरांचं आणि त्याचं जन्माचं वैर होतं आणि शुक्रवारचं जेवण एकत्र. त्यांच्या मशिदीच्या कमिटीवर करीम अध्यक्ष होता, दरवर्षी हात वर करून, सर्वानुमते. त्या वर्षी प्रोफेसर विरोधात उभे राहिले.

"आणि वर म्हणतो कसा," करीम जॅक लावता लावता सांगत होता, "पडद्यामागच्या बायकांचीही मतं घ्या. मी म्हटलं, बायकांनी पुरुषांसमोर हात वर करणं शोभत नाही. सगळी मशीद माझ्या बाजूनं. हा म्हणतो, हाजी करीम अगदी बरोबर बोलतायत! बायकांचे हात कुणाला दिसता कामा नयेत. पुरुषांचे तरी का दिसावेत? चिठ्ठ्या आणा. आता बोला! माझंच वाक्य उचललं आणि मलाच त्यात गुंडाळलं!"

"मग? हरलात का?"

"मी? छे! दणकून जिंकलो. मी बायकांना त्यांच्या दाराशी हीटर बसवून देतो म्हटलं होतं. त्यानं त्यांना काय दिलं, तर मताचा अधिकार. थंडीत हीटर जिंकतो, सिस्टर!" करीम खो खो हसला आणि मग पान्ह्याशी चाळा करत म्हणाला, "पण खरं सांगू? त्याच वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, मी निवडून आलोय."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. प्रोफेसरांना विचारलं, हरणार हे ठाऊक असून उभे का राहिलात? तर म्हणाले, "निवडणुकीला दोन माणसं लागतात, लग्नासारखी. करीम एकटाच बोहल्यावर उभा होता, मला बघवेना." पुढच्या सभेत मी काळेकाकांविरुद्ध उभी राहिले. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, जणू मी गणपतीच्या ताटात अंडं ठेवलंय. काळेकाका व्याकूळ होऊन म्हणाले, "अहो वैद्यवहिनी, काही नाराजी आहे का? आपण इथं काय पॉलिटिक्स करायला आलोय?" मी म्हटलं, "नाही काका, तुम्ही छानच करता. म्हणूनच." मी सपशेल आपटले. पण त्या वर्षी मंडळाचा गणपती पहिल्यांदा वेळेवर आला, आणि काळेकाका प्रत्येक गोष्ट चार जणांना विचारून करायला लागले. मला प्रोफेसरांचे आभार मानायचे होते. ते म्हणाले, हरल्याबद्दल आभार मानणारी पहिलीच व्यक्ती तुम्ही.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. रमझानमध्ये एकदा त्यांनी आम्हाला इफ्तारला बोलावलं. करीम होता, मॉन्ट्रियलहून अमाल आली होती. टेबलावर हरीसाची, त्यांच्या लाल मिरचीच्या चटणीची वाटी. आमचं सावजी खाल्लेलं तोंड, मी फुशारकीनं चमचाभर घेतलं आणि डोळ्यांतून पाणी काढत बसले, त्यामुळे पुढचा वाद मी मुकाट्यानं ऐकला. वाद त्यांच्या देशाच्या घटनेतल्या पहिल्या कलमावर होता. हा देश एक स्वतंत्र राज्य आहे, त्याचा धर्म इस्लाम, अशा अर्थाचं ते कलम. त्याचा म्हणजे कुणाचा? राज्याचा, की देशात राहणाऱ्या माणसांचा?

करीम म्हणाला, "राज्याचा! आणि तसं स्पष्ट लिहा."

अमाल म्हणाली, "धर्म माणसांचा. राज्याला धर्म नको. तसं स्पष्ट लिहा."

"स्पष्ट लिहू नका!" प्रोफेसर दोन्ही हात वर करून म्हणाले. "ज्यांनी ते सर्वनाम लिहिलं ते शहाणे होते. ही भिंत पाहा." त्यांनी आमच्या बाजूच्या भिंतीवर टकटक केलं. "ही माझी की मादामची? दोघांची. म्हणून दोन्ही छपरं उभी आहेत."

"बाबा, अरेत! थांबा!" अमाल चिडली. "अ वॉल इज नॉट अ लीगल आर्ग्युमेंट. उद्या एखादा जज करीमअंकलसारखं वाचेल, मग माझं काय?"

प्रोफेसर बराच वेळ खजुराची बी बोटांत फिरवत बसले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की, अमालचंच बरोबर होतं. बाईमाणसाला गुळमुळीत सर्वनामावर जगता येत नाही. पण ते तिला म्हणाले ते मी विसरले नाही. "तू म्हणतेस ते खरं असेल. मग ते तिथं जाऊन सांग. करीमही सांगेल. आणि मग मोजू. मी हरलो तरी चालेल, फक्त मोजलं गेलं पाहिजे." करीमनं यावर आमीन म्हटलं, आणि अमालनं त्याच्या ताटात आणखी कुसकुस वाढला.

दोन हजार अकराच्या जानेवारीत तिकडं लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. भिंतीपलीकडे टीव्ही अखंड चालू होता. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बर्फ पडला, पण बेल काही वाजली नाही. खिडकीतून पाहिलं तर प्रोफेसर एकटेच फावडं मारत होते, टाय वाकडा, टोपी नाही, आणि सगळा बर्फ डावीकडे, थेट फायर हायड्रंटवर. मी धावत बाहेर गेले. "प्रोफेसर! मसलत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हुंदका फुटला. मग शिरीष आणि मी त्यांच्याबरोबर तो सगळा बर्फ पुन्हा उजवीकडे नेला.

ऑक्टोबरमध्ये घटना समितीची निवडणूक ठरली. परदेशातल्या नागरिकांनाही मत होतं. त्या मतदानाच्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढच्याच आठवड्यात मी भावाच्या लग्नासाठी नागपूरला गेले, परतले तोवर ते घर बंद करून ट्युनिसला गेले होते. घटनेच्या मसुद्यावर तिथल्या तरुण पोरांशी वाद घालत त्यांनी तिथं काही महिने मजेत काढले, आणि घटना पुरी होण्याआधीच ते गेले. अमालनं फोनवर सांगितलं तेव्हा मी रडले, पण हळहळले नाही. त्याला कारण तो ऑक्टोबरचा दिवस.

मतदान दूतावासात होतं. करीमनं गाडी देऊ केली होती, प्रोफेसरांनी नाकारली. "एका गाडीतून गेलो तर लोकांना वाटेल आमचं एकमत झालं." म्हणून मी नेलं. ती गल्ली आली. मी सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं. कॉलर खालीच होती, पण हात गुडघ्यांवर घट्ट होते. बाहेर रांग होती. बायका, पोरं, कडेवरची बाळं, कुणी मिठाई वाटत होतं. फाटकापाशी आल्यावर मात्र प्रोफेसर थबकले. पाय उचलेना. मागचे लोक बाजूनं पुढं जायला लागले. "मादाम, राहू दे," ते मला हळूच म्हणाले. "बहुतेक टाकून झालं असेल."

पुढं बराच लांब करीम उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं, आपली जागा सोडली, आणि तरातरा येऊन प्रोफेसरांच्या मागं उभा राहिला. "चला, पुढं व्हा," तो ओरडला. "मी इथं तुमचं मत खोडून काढायला आलोय. तुम्ही दिलंच नाही तर माझं वाया जाईल!" रांग हसली. प्रोफेसरही हसले, आणि त्या हसण्यातच दोघं आत गेले.

मी बाहेर थांबले. करीम आधी बाहेर आला, डोळे पुसत, आणि तसाच आपल्या गॅरेजकडे गेला. मग प्रोफेसर आले. डाव्या हाताचं पहिलं बोट निळं झालं होतं आणि ते त्यांनी अंगापासून दूर, जपून धरलं होतं. टेबलाशी एक तरुण मुलगी होती म्हणे. तिला त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? माझं कुणी दिलेलं नाही ना? ती म्हणाली, "नाही काका, तुमचं तुम्हालाच द्यायचंय."

मी आपली नागपूरची. आमच्याकडे मतदान करून आलेल्याला पहिला प्रश्न काय विचारतात ते ठरलेलं आहे. "मग? कुणाला दिलंत?"

ते मग म्हणाले, "मादाम, मी काय वाचतो, कुणाला भेटतो, काय लिहितो, सगळं आमच्या सरकारला नेहमी ठाऊक असायचं. त्याला ठाऊक नाही असं आज पहिल्यांदाच काहीतरी माझ्याकडे आहे. आणि ते सांभाळायला त्यानंच मला दिलंय. मला ते ठेवू द्या."

मी गाडीची किल्ली काढली, तर म्हणाले, आज मी बसनं जातो. मी म्हटलं, अहो, मी तिकडंच चाललेय. ऐकलं नाही. बस आली. मी फुटपाथवरून पाहत होते. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी; बसायला हवी तेवढी जागा होती. प्रोफेसर बसले नाहीत. मधोमध उभे राहिले, उजवा हात खिशात घातला, आणि डावा हात उंच करून वरचा दांडा पकडला.